परातीच्या काठावरचे सहा अंक

आमच्या घरात मूळ संख्येला खडा म्हणतात. एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुठल्याच संख्येनं जिला पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. आम्ही हिंदी शाळेत शिकलो, तिथं तिला अभाज्य म्हणत. खडा हे नाव बायकोनं ठेवलं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, तांदूळ निवडताना. सूप तिच्या मांडीवर होतं आणि मी समोर पेपर धरून बसलो होतो.

"एखादा आकडा सांगा न," ती म्हणाली.

"कोणता?"

"कोणताबी. मोठा सांगा."

मी तोंडाला आला तो सांगितला. "सातनं जाते," ती म्हणाली आणि बोटांनी तांदूळ सारत राहिली. दुसरा सांगितला. "तेरानं जाते." तिसऱ्याला मात्र तिची बोटं थांबली. बराच वेळ थांबली. मग सुपातला एक बारीक खडा उचलून तिनं माझ्या पेपरावर ठेवला.

"हा तुमचा आकडा. दाताखाली येईन, पन फुटनार नाही."

ती गणिताची एम.एस्सी. दुर्गच्या मोहन नगरात रेल्वेवाल्यांच्या घरात वाढलेली, वडील मालगाडीवर गार्ड. मी डिप्लोमावाला, इथल्या पोलादाच्या प्लांटात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. माझे वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथं भरती झाले, आणि त्यांच्यामागं मी. सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत ती नववी-दहावीची ट्यूशन घ्यायची. पोरं तिला मॅडम म्हणत आणि मला कोणी काहीच म्हणत नसे, कारण मी मागच्या दारानं यायचो.

मी कमी बोलतो. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात आणि मी कधी त्यांना अडवलं नाही. खरं म्हणजे न बोलण्यात माझी फार सोय झाली आहे. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांना मी काही सांगितलं नाही आणि जे मला सांगत होते त्यांचं नीट ऐकलंही नाही. पुढं जे लिहितो आहे ते अजून मुलीलासुद्धा ठाऊक नाही.

लग्नानंतरच्या त्या दिवसांत मोहन नगरला सासुरवाडीला जाताना वाटेत रेल्वेचं फाटक लागायचं. फाटक पडलं की स्कूटर बंद करायची आणि मालगाडी जाईपर्यंत उभं राहायचं. प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगात लांबलचक नंबर असतो. त्याचे शेवटचे सहा अंक मी मोठ्यानं वाचायचे आणि मागं बसलेल्या तिनं ते फोडायचे, हा आमचा खेळ. तीननं जाते, अकरानं जाते, एकोणीसनं जाते. बहुतेक डबे मागचा डबा येण्याआधी फुटत. एका दिवशी रिकामी गाडी अगदी हळू चालली होती. एका डब्यावर मी वाचलं, "एकोणीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस." म्हणजे १९३९३९. मागून काहीच आलं नाही. पुढचे डबे वाचले, तरी नाही. गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"थांबा न जरा," ती म्हणाली.

"अवं, मागचे शिव्या देऊन राहिले."

"देऊ द्या. त्यांचा आकडा थोडीच आहे!"

घरी येऊन तिनं तपासलेल्या पेपरांच्या पाठकोऱ्या पानांवर भागाकार मांडले. मोठी संख्या फुटायची असेल तर तिचा एक तुकडा तरी लहान निघतोच, म्हणून सहा अंकी संख्येला हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं. आठवड्याभरात तिनं निकाल दिला, खडा. मला वाटलं, संपलं. पण ती थांबली नाही. तो सगळा उन्हाळा दुपारची भांडी झाली की पंख्याखाली पालथी पडून ती भागाकार करत राहिली.

एकदा मी विचारलं होतं. कूलरचा पंप बिघडला होता आणि मी तो उघडून बसलो होतो. "खडा आहे म्हनली न तू? मंग आता काय करून राहिली?"

ती उठून बसली. तिनं बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं, हातानं हवेत गोल गोल काढत. मी "हो हो, मस्त आहे," म्हणालो. पंपाच्या मोटरीत कुठला बुश घातला होता ते मला आजही सांगता येईल. ती काय म्हणाली होती ते मात्र माझ्याजवळ उरलं नाही.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही मोठी परात घेतली. दुकानाबाहेर नाव कोरणारा माणूस मशीन घेऊन बसलेला असतो. त्यानं विचारलं, "किसका नाम डालूँ?" बायकांनी नवऱ्याचं नाव सांगायचं, असा रिवाज. हिनं सहा अंक सांगितले.

"टेलीफोन नंबर है क्या, मॅडम?"

"नहीं, नाम ही है. और एक जगह नहीं डालना. पूरी किनार पे, गोल. सब में बराबर दूरी."

"तो पता कैसे चलेगा शुरू कहाँ से है?"

"नहीं चलना चाहिए," ती म्हणाली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी खिशात हात घातले. माझं नाव परातीवर आलं नाही याचं मला थोडं लागलंही होतं.

तर तो आमचा नंबर झाला. मी बोलणारा नाही म्हणून त्याचा मला उपयोगही झाला. प्लांटात काही बरंवाईट घडलं की टाउनशिपमध्ये बातमी आमच्या आधी पोचते. अशा वेळी मी घरी फोन करायचो आणि एवढंच म्हणायचो, "एकोणीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस." ती पलीकडून "हं" म्हणायची. मी ठीक आहे, घरी येतो, जेवायला थांब, सगळं त्यात आलं. प्रेमाचं म्हणून मी जे काही बोललो असेन ते एवढंच.

तिला लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलात तिसऱ्या-चौथ्या दिवशी शब्द यायला लागले, पण भलतेच. पाणी हवं असेल तर ती "खिडकी" म्हणे. मुलीला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारी, मग चूक कळून स्वतःच डोळे मिटून घेई. डॉक्टर चांगले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "समझ पूरी है. शब्द अटक रहे हैं. धीरज रखिए."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. मेंटेनन्सच्या माणसाला दुसऱ्याच्या सांगण्यावर मशीन चालू आहे असं मानायची सवय नसते, तो स्वतः टेस्टर लावून बघतो. मला एक पक्की खूण हवी होती. काहीही विसरली तरी जे विसरणार नाही असं.

मी तिच्या कानाशी वाकलो. "आपला नंबर सांग."

तिचे डोळे एकदम जागे झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ओठ जुळवत ती म्हणाली, "तीन." मग एकेक अंक ओढून काढावा तसं, "नऊ. एक. नऊ. तीन. नऊ."

"नाही," मी म्हणालो. "आठव. एकोणीस, एकोण..."

तिनं मान हलवली. पुन्हा सुरू केलं. "नऊ. तीन. नऊ. तीन. नऊ. एक."

दोन वेळा विचारलं आणि दोन वेळा वेगळं आलं, तेही दोन्ही चूक. मी सरळ झालो आणि खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो. तिनं डाव्या हातानं माझा शर्ट धरला होता, तो मी सोडवला. दारात मुलगी उभी होती, हैदराबादहून आलेली. मी तिला म्हणालो, "आई गेली आता. शरीर आहे फक्त."

"बाबा, ऐसे मत बोलो ना. डॉक्टर तर म्हणाले की समझ..."

"डॉक्टरले काय माहीत? आमचा नंबर बी नाही आठवत तिले."

दार उघडं होतं. पलंग दारापासून हाताभरावर होता.

त्यानंतर मी जे केलं ते सगळं त्या एका वाक्याच्या जोरावर केलं. ट्यूशनच्या पोरांच्या आईवडिलांना मीच फोन केले. एक बाई म्हणाल्या, मॅडम बऱ्या होतील, आम्ही थांबतो. मी म्हणालो, नका थांबू. पुढच्या खोलीतला फळा काढून कपाटामागं उभा केला आणि तिथं तिचा पलंग लावला. तिच्यादेखत मी पाहुण्यांना तिची कहाणी सांगत असे, जसं काही ती तिथं नाहीच. "आता काही समजत नाही हो तिले," असं. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असे आणि त्याचाही अर्थ मी समजत नाही असाच लावला.

आणि तरी मी तिला नंबर विचारत राहिलो. रोज सकाळी चहा झाला की, "चाल, म्हण. एक."

"नऊ," ती म्हणे.

"नऊ नाही. आधी एक. म्हण, एक."

"नऊ... एक... नऊ..."

"एक! एक आधी!"

स्पीच थेरपीची मुलगी आठवड्यातून यायची. तिनं मला साफ सांगितलं होतं, "अंकल, टोकना नहीं है. जो बोलें, जहाँ से बोलें, बोलने दीजिए." मी मान डोलवली. ती फाटकाबाहेर गेली की पुन्हा सुरू. वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या तर त्यांच्यापुढं, ड्यूटीवरचे सोबती आले तर त्यांच्यापुढं. एक सोबती हसून म्हणाला, "काय भाऊ, पाढे शिकवून राहिले का मॅडमले? उलटी गंगा!" सगळे हसले. मीही हसलो.

हे लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे. मला ते बरं वाटत होतं. पंचवीस वर्षं या घरात उत्तर तिच्याकडं होतं. वीजबिलाचा हिशेब, मुलीचा अभ्यास, प्रमोशनच्या परीक्षेला मला अडलेलं गणित. ती कधी टोचून बोलली नाही, पण माझ्या चुकीवर हसू दाबायला तिचा खालचा ओठ आत जायचा, आणि तेवढं मला पुरायचं. आता ती चुकत होती आणि बरोबर काय ते मला ठाऊक होतं. मी ते काळजीच्या नावाखाली केलं. काळजी होतीच, पण रोज सकाळी चहा घाईनं संपवायचो तो नुसत्या काळजीपोटी नव्हे.

एका सकाळी तिनं म्हटलं. भिंतीकडं बघत, सगळं सलग, "एक. नऊ. तीन. नऊ. तीन. नऊ."

मी उडालोच. मुलीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, "म्हण, पुन्हा म्हण." तिनं पुन्हा म्हटलं. मुलगी रडायला लागली. मी मार्केटात जाऊन पेढे आणले, वर-खाली वाटले, एक तिच्या तोंडाशी धरला. तिनं तोंड उघडलं नाही. मी म्हणालो, साखरेचं पथ्य आठवलं वाटतं, आणि तो पेढा मी खाल्ला.

त्या दिवसापासून तिच्या तोंडून अंक आला नाही. शब्द हळूहळू येत गेले. पाणी आलं, दार आलं, मुलीचं नाव बिनचूक आलं. वॉकर घेऊन ती खुर्चीपर्यंत चालायला लागली. पण किती वाजले विचारलं की घड्याळाकडं बोट. गोळ्या किती, तर हातानं डबी पुढं. थेरपीची मुलगी गोंधळली. "अजीब है अंकल, गिनती ही तो पहले आई थी." आमच्या घरात आकडा बंद झाला होता. तो कोणी बंद केला हे ठाऊक असलेली तिथं एकच व्यक्ती होती, आणि ती सांगत नव्हती.

भादव्यात तीजाला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, इकडच्या बायका माहेरी जातात. आमच्या स्वयंपाकाच्या बाईही गेल्या, म्हणून कणीक मळायची पाळी माझ्यावर आली. मी त्याआधी कधी मळली नव्हती. मोठी परात खाली घेतली, पीठ घातलं, पाणी घातलं, ते जास्त झालं, अजून पीठ घातलं. कणीक हाताला चिकटली. मी रेटायला लागलो की परात जागच्या जागी फिरे. मी अंगठ्यानं काठ दाबून धरायचो, ती थांबे, पुन्हा रेटलं की फिरे. अंगठ्याखाली काहीतरी खरखरीत लागत होतं म्हणून वाकून पाहिलं. झिजलेले, पिठानं भरलेले अंक. जिथं अंगठा होता तिथून मी सहज वाचत गेलो. तीन, नऊ, एक, नऊ, तीन, नऊ.

ते मी वाचलं आणि कानात तिचा आवाज आला. हॉस्पिटलातला, ओढून काढलेला. पहिल्यांदा ती हेच म्हणाली होती. मी परात थोडी सरकवली. नऊ, तीन, नऊ, तीन, नऊ, एक. दुसऱ्यांदा ती हे म्हणाली होती. मग मी ती परात सहा वेळा सरकवली आणि सहाही ठिकाणांहून वाचली. रोज सकाळी चहानंतर मी जे जे चूक म्हणून अडवलं होतं, ते सगळं काठावर होतं.

हात न धुताच मी मोबाईल काढला. एखादी संख्या मूळ आहे का हे सांगणारी सोय त्यात असते. १९३९३९, मूळ. ९३९३९१, मूळ. ३९३९१९, मूळ. ९३९१९३, ३९१९३९, ९१९३९३, तिन्ही मूळ. स्क्रीनवर कणकेचे डाग पडले. आता कळलं की त्या उन्हाळ्यात पंख्याखाली पालथी पडून ती काय करत होती. एक संख्या तपासून तिचं भागलं नव्हतं, तिनं सहा तपासल्या होत्या. पहिला अंक उचलून शेवटी ठेवायचा, नवी संख्या झाली, ती फोडून बघायची. पुन्हा पहिला उचलायचा. कुठूनही सुरुवात करा, खडाच. अशा संख्येत दोन, चार, पाच, सहा, आठ, शून्य यांतला एकही अंक चालत नाही, कारण फिरता फिरता तो कधीतरी शेवटी येणार आणि संख्या फुटणार. लाखातल्या संख्यांत अशी वर्तुळं अगदी मोजकी आहेत, हे मी नंतर वाचलं. तिला ते एका रिकाम्या मालगाडीवर सापडलं होतं. कूलरशेजारी बसून, हवेत गोल गोल हात फिरवत, ती मला हेच सांगत होती.

मी आणखी एक करून पाहिलं. तेच सहा अंक कसेही मांडले तर? १३९९९३ लिहिलं. सातनं सरळ गेलं, भागाकार १९९९९ आला. म्हणजे अंक तेच असून भागत नाही, त्यांचा क्रम सांभाळावा लागतो. जिला काही समजत नाही अशा बाईनं कधीतरी दोन अंकांची अदलाबदल केली असती. हिनं एकदाही केली नव्हती. बोलता येत नव्हतं, पाण्याला खिडकी म्हणत होती, तरी वर्तुळ तिनं एका अंकानं मोडलं नव्हतं. ते मोडलं नाही, हाच माझ्या टेस्टरचा दिवा होता. तो लागलेला असताना मी मशीन बंद आहे असं लिहून मोकळा झालो.

ती पुढच्या खोलीत खुर्चीवर होती. मी परात तशीच उचलून नेली, कणकेसकट, आणि स्टुलावर ठेवली.

"हे पाह्य," मी म्हणालो आणि परात फिरवली. "तू बरोबर होती. हॉस्पिटलात बी. रोज सकाळी बी."

तिनं परातीत पाहिलं. "पाणी... जास्त," ती म्हणाली.

"अवं, कणकेचं नाही सांगून राहिलो मी."

"हं."

मग मी सगळं बोललो. इतकं मी आयुष्यात एका दमात बोललेलो नाही. दारात मुलीला काय म्हणालो ते. पोरांच्या आईला नका थांबू म्हणालो ते. कूलरच्या दिवशी ऐकलंच नव्हतं ते. "मले वाटलं, तू गेली."

"होती," ती म्हणाली. थोड्या वेळानं, शब्द शोधून, "मी... होती न."

मला वर बघवेना. ती डाव्या हाताचं बोट काठावर ठेवत म्हणाली, "जिथून... सापडे... तिथून." बोट पुढं सरकलं. एक अंक सापडला की पुढचे पाच त्याच्या मागं यायचे. 'एक' बहुतेक वेळा पहिल्यांदा सापडत नसे, एवढंच होतं. आणि तिचं सगळं बोलणं अडकलेलं असताना, कुठूनही आत शिरता येईल अशी हीच एक संख्या तिच्याजवळ होती.

"एकच... कावून?" तिनं विचारलं. सुरुवात एकपासूनच का, हट्ट कशासाठी.

"मले तेवढीच माहीत होती." मी म्हणालो. तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण थांबलो नाही. "आन मले बरं वाटे. तू चुकून राहिली आन मी बरोबर, असं."

ती माझ्याकडं बघत राहिली. खालचा ओठ आत गेला नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला वाटतं, तिला हे आधीच ठाऊक होतं. मी कबूल करेन एवढंच ठाऊक नव्हतं. तिनं परात हातानं माझ्याकडं ढकलली.

"वाळून... राहिली," ती म्हणाली. कणीक.

फळा मी दुसऱ्या दिवशी कपाटामागून काढला. पूर्वीपेक्षा खाली लावला, खुर्चीवरून डाव्या हाताला पोचेल इतका. ज्या बाई थांबायला तयार होत्या त्यांना फोन केला. चुकलं माझं, मीच घाई केली, असं म्हणताना जीभ जड झाली, पण म्हटलं. त्यांची मुलगी येते आणि वरच्या काकूंची नात येते. दोघीच. मॅडमचं अक्षर आता लहान मुलासारखं येतं आणि दोघी ते लावून वाचतात. अडलं की थांबतात, मधे बोलत नाहीत. हे त्यांना कोणी शिकवलं नाही.

त्या दोघींशी ती आकडे बोलते. माझ्याशी नाही. मी खोलीत गेलो की चालू असलेला आकडा तिथंच थांबतो आणि मी बाहेर पडलो की पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा वाटलं, योगायोग असेल. नाही. म्हणून मी जात नाही. स्वयंपाकाच्या बाई परत आल्यावर त्यांना म्हणालो, कणीक तेवढी माझ्याकडं राहू द्या. त्या ओट्याशी भाजी चिरतात, मी खाली बसून मळतो, आणि मधलं दार उघडं असतं.

मागं एकदा वरची नात आतून विचारत होती, "मॅडम, ये वाला कहाँ से शुरू करूँ?"

मग तिचा आवाज, ओढून काढलेला. "कहीं... से भी."

माझा हात परातीत तसाच राहिला. काय झालं, म्हणून बाईंनी त्यांच्या बोलीत विचारलं, "का होगे, भैया?" "काही नाही," मी म्हणालो आणि मळायला लागलो.

मला अजून तिनं एकही आकडा सांगितलेला नाही. मी विचारत नाही, विचारायचा हक्क मी चहाबरोबर रोज थोडा थोडा घालवला आहे. फक्त काल दुपारी मी परातीत पाणी ओतत असताना ती वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली, माझ्या हातातल्या पेल्याकडं पाहिलं, आणि वैतागून म्हणाली, "अर्धा. अर्धा... पेला."

अर्धा ही काही पूर्ण संख्या नाही. मी उरलेलं पाणी परत घागरीत ओतलं.